भिगवण, नाट्यगृह आणि कास : तीन ठिकाणं, एक बजेट. काय घ्यावं?

वेताळटेकडी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पुण्यातले आम्ही तिघं मिळून कॅमेऱ्याचं सामान घेणार आहोत. सध्या हाताशी कॅनन २००डी आहे, सोबत १८-५५ मिमी आणि ५५-२५० मिमी एसटीएम या दोन लेन्स.

एकाला हिवाळ्यात भिगवणला होडीतून पक्षी टिपायचे आहेत. दुसरी प्रायोगिक नाटकांचे फोटो काढते. संस्थेची परवानगी असते, पण प्रयोग चालू असताना खुर्चीवरून उठता येत नाही. तिसऱ्याला सप्टेंबरात कासची फुलं आणि पावसाळ्यात गडकिल्ले. एकूण बजेट दोन लाख.

मनात असलेले पर्याय : सेकंडहँड १५०-६००, सेकंडहँड ७०-२०० एफ/२.८, १०० मिमी मॅक्रो. सगळं घेतलं तर बजेट फुटतं आणि २००डी तशीच राहते. एका संचात तिघांचं भागेल का? नुसती मॉडेलची नावं नकोत, कारण सांगितलंत तर पुढच्या वेळी आमचं आम्हाला ठरवता येईल.

---

पाणथळ

तुमच्या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे : पुढे सरकता येत नाही. होडीतून उतरता येत नाही, खुर्चीवरून उठता येत नाही, कासला वाटेवरून खाली पाय टाकायचा नसतो. म्हणून मॉडेल बघण्याआधी प्रत्येकाने कागदावर तीन गोष्टी लिहा : विषय केवढा, तो किती लांब, आणि तिथे उजेड किती. पक्ष्यांपुरतं गणित करून दाखवतो.

सेन्सरवर पक्ष्याची प्रतिमा केवढी पडेल? फोकल लांबी भागिले अंतर, गुणिले पक्ष्याची उंची. सगळं मिलिमीटरमध्ये. रोहित पक्षी साधारण १.३ मीटर उंच धरा, होडीपासून ४० मीटरवर. ४०० मिमी लेन्सवर प्रतिमा १३ मिमी. २००डीच्या किंवा कुठल्याही कॅनन क्रॉप सेन्सरची (म्हणजे ३६ बाय २४ मिमीच्या फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) उंची १५ मिमीच्या जवळपास असते. म्हणजे पक्षी जवळजवळ चौकटभर. इथे ६०० लावलीत तर पाय कापले जातील.

आता छोटा खंड्या, १६ सेंटिमीटर, काठावरच्या काठीवर बसलेला, १२ मीटरवर. ४०० वर ५.३ मिमी. २४ मेगापिक्सेल क्रॉप सेन्सरवर एक पिक्सेल ३.७ मायक्रॉनचा, म्हणजे पक्षी १४०० पिक्सेलचा. मोठी छपाई करायला पुरतो. तुमच्या ५५-२५० वर हाच पक्षी ९०० पिक्सेलचा येतो. वेबवर चालतो, भिंतीवर लावायचा तर कमी पडतो.

६०० ची खरी गरज पडते ती चिखलावर लांब फिरणाऱ्या छोट्या पाणपक्ष्यांना आणि दलदली भोवत्यासारख्या शिकारी पक्ष्यांना. गरज खरी आहे, पण किंमत वजनात मोजावी लागते. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी १.९ किलो, सोनीची २००-६०० नि निकॉनची १८०-६०० दोन किलोच्या आसपास. कॅननची आरएफ १००-४०० एफ/५.६-८ फक्त ६३५ ग्रॅम आहे. होडीत तीन तास हातात धरायची असते, हे विसरू नका. होडीत ट्रायपॉड लावून उपयोग नसतो, कारण होडीची प्रत्येक डुलकी पायांतून थेट कॅमेऱ्यात जाते. शरीर ती डुलकी पचवतं. खाली बसा, कोपरं गुडघ्यांवर टेका, हात मोकळे ठेवा. होडीच्या कडेवर लेन्स टेकायची असेल तर इंजिन बंद असतानाच टेका, नाहीतर इंजिनाची थरथर लेन्समध्ये उतरते.

माझं मत : कॅनन आर१० ची बॉडी आणि आरएफ १००-४००. अडचण तुमच्या लेन्सपेक्षा बॉडीची जास्त आहे. २००डीच्या व्ह्यूफाइंडरमध्ये नऊच फोकस बिंदू आहेत, तेही मध्याभोवती. उडता पक्षी त्या नऊ बिंदूंच्या बाहेर गेला की फोकस पाण्यावर जातो. आर१० पक्षी ओळखून त्याच्या डोळ्याला धरून राहते. २००डीच्या एलपी-ई१७ बॅटऱ्या आर१० मध्ये चालतात, म्हणजे दोन जादा बॅटऱ्यांचा खर्च वाचला.

एफ/८ ऐकून घाबरायला होतं (एफचा आकडा मोठा तेवढा उजेड कमी), तेही मोजून बघा. निरभ्र उन्हात एफ/८, १/२००० सेकंदाला आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ५०० पुरतो. सूर्य उगवल्यावर पहिला अर्धा तास उजेड दोन-तीन स्टॉप कमी असतो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), तिथे आयएसओ २००० ते ४००० लागेल. चालतं. सूर्य उगवायच्या आधीचा किंवा ढगाळ संध्याकाळचा उडता पक्षी मात्र या लेन्सने जमणार नाही. तिथे १/२००० चा हट्ट सोडा, बसलेले पक्षी १/२५० ने घ्या.

नेमकं बिघडतं कुठे, ते सांगतो :

दहा-साडेदहानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरते. फोटो मऊ येतात आणि लोक लेन्सला दोष देतात. कुठलीही लेन्स यावर इलाज नाही. पहाटे निघा, जवळचे पक्षी घ्या.

पांढरा पक्षी आणि मागे गडद पाणी असलं की कॅमेरा एकूण चित्र उजळ करायला जातो आणि पिसांमधला तपशील उडतो. एक्स्पोजर उणे २/३ ते उणे १ स्टॉप ठेवा. उलट, आकाशावर काळा पक्षी असेल तर अधिक १ ते अधिक १.७.

थवा समोर असताना डोळा ओळखणारा फोकस एका पक्ष्यावरून दुसऱ्यावर उड्या मारतो. तेव्हा छोटा झोन निवडा आणि हवा तो पक्षी स्वतः धरून ठेवा.

बर्स्टची, म्हणजे एका दमात सलग फोटो घ्यायची, सवय लागली की कार्ड अडवतं. आर१० मेकॅनिकल शटरवर सेकंदाला १५ फोटो घेते. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल ३० एमबी धरली तर सेकंदाला ४५० एमबी होतात, आणि आर१० च्या स्लॉटात कुठलंही एसडी कार्ड एवढ्या वेगाने लिहीत नाही. बफर (कॅमेऱ्यातली तात्पुरती साठवण) साधारण दोन सेकंदांत भरतो. पुढे तो रिकामा व्हायला यूएचएस-१ कार्डावर लागणारा वेळ जास्त वेगाच्या यूएचएस-२ कार्डापेक्षा दुपटी-तिपटीने जास्त असतो. स्लॉट यूएचएस-२ आहे, त्याचा फायदा घ्या. आणि बोट दाबून धरू नका, अर्ध्या सेकंदाचे तुकडे घ्या.

एक विनंती नावाड्यासाठीही आणि तुमच्यासाठीही. थवा उडवायला होडी घुसवायला सांगू नका. खात असलेले पक्षी परत परत उडवले की ते ती जागा सोडून देतात.

---

तिसरी घंटा

नाटकाचं मी सांगते. हा विषय लोक ‘७०-२०० एफ/२.८ घ्या’ एवढ्यावर संपवतात, आणि अडचण लेन्सइतकीच आवाजाची आणि दिव्यांची असते.

आधी आवाज. २००डी डीएसएलआर आहे, प्रत्येक फोटोला आरसा आपटतो. शांत मोडमध्येही तो आवाज पाचव्या रांगेपर्यंत जातो. प्रायोगिक नाटकात शांततेचे क्षण मोठे असतात आणि नेमका तोच क्षण टिपावासा वाटतो. म्हणून मिररलेस (आरसा नसलेल्या) बॉडीची सगळ्यांत जास्त गरज तुमच्या या मैत्रिणीला आहे. पक्ष्यांना तिचा उपयोग होतो हा वरचा फायदा.

मग वाटतं की पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर (ज्यात पडदा हलतच नाही) लावलं की काम झालं, आवाज शून्य. इथे दुसरी अडचण येते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात, एक फेरा १० मिलिसेकंदांचा. या किमतीतल्या बॉडीचा सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि तेवढ्यात असे एकापेक्षा जास्त फेरे होऊन जातात. शटर १/५०० ठेवलंत तर काही ओळी प्रखर उजेडात, काही मंद उजेडात वाचल्या जातात, आणि फोटोत आडवे काळे पट्टे येतात. ते नंतर निघत नाहीत. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलंत तर प्रत्येक ओळीला पुरा फेरा मिळतो, पट्टे येत नाहीत. स्टेजवरचे एलईडीचे ‘पार’ दिवे त्याहून पुष्कळ वेगाने चमकतात, त्यांनाही १/१०० सहसा चालतो, कारण तेवढ्या वेळात त्यांचे कितीतरी फेरे होतात.

म्हणून माझी पद्धत अशी सुचवते :

संवाद, स्वगत, शांत प्रवेश : इलेक्ट्रॉनिक शटर, १/१००. नट वाक्य संपवून थांबतो त्या क्षणी बोट दाबा. हात हलत असताना घेतला तर हात पुसट येईल, तेव्हा हात थांबेपर्यंत थांबा.

हालचाल, नाच, मारामारी : इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (सुरुवात इलेक्ट्रॉनिक, शेवट खऱ्या पडद्याने), १/२५० ते १/३२०, आणि मेन्यूतलं अँटी-फ्लिकर (दिवा प्रखर असतानाच फोटो घेणारी सोय) चालू. संगीत चालू असतं त्यामुळे हलका आवाज झाकला जातो. अँटी-फ्लिकर बऱ्याच कॅमेऱ्यांत पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरवर चालत नाही, हे लक्षात ठेवा.

पट्टे येतायत का ते पहिल्या अंकातच, काढलेला फोटो मोठा करून बघा. स्क्रीनची चमक सगळ्यांत कमी करा किंवा स्क्रीन उलटी बंद करून व्ह्यूफाइंडरमध्येच बघा. अंधारात उजळलेली स्क्रीन आवाजापेक्षा जास्त त्रास देते. फोकससाठी लागणारा नारिंगी मदत-दिवा आणि बीप आधीच बंद. फ्लॅश तर नाहीच.

आता लेन्स. साधारण १२ मीटरवरून, म्हणजे मधल्या रांगांतून, क्रॉप बॉडीवर ८५ मिमीच्या चौकटीत सुमारे ३.१ मीटर रुंद आणि दोन मीटरहून थोडं जास्त उंच चित्र मावतं. उभा नट पायांपासून डोक्यापर्यंत आणि शेजारी दुसरा. नाटकाची हीच चौकट सगळ्यांत जास्त लागते. पूर्ण रंगमंच हवा असेल तर १८-५५ ने एखाद-दोन फोटो घ्या, पूर्ण उजेडाच्या प्रवेशात.

एफ/१.८ आणि तुमच्या ५५-२५० च्या एफ/५.६ मध्ये उजेडाचा जवळजवळ दहापट फरक आहे. ५५-२५० ला आयएसओ १२८०० लागत असेल तिथे ८५ एफ/१.८ ला १३०० पुरतो. एवढा फरक दुसऱ्या कुठल्याही खर्चाने मिळत नाही. कॅननची जुनी, डीएसएलआरसाठीची ईएफ ८५ एफ/१.८ सेकंडहँड बाजारात सहज मिळते, ४२५ ग्रॅमची आहे, अ‍ॅडॅप्टर लावून आर१० वर फोकससकट नीट चालते. पूर्ण उघडी ठेवली तर प्रखर कडांना जांभळी झाक येते, एफ/२.२ ला बरीच कमी होते.

एक्स्पोजर मॅन्युअल ठेवा. काळ्या पडद्यापुढे एका स्पॉटमध्ये उभा नट असला की कॅमेरा पडदा उजळायला जातो आणि चेहरा पांढरा फटक होतो. आयएसओ ऑटो ठेवायचाच असेल तर उणे १ ते उणे २ लावा. निळा नि लाल एलईडी आणखी फसवतो. एकूण चित्र बरोबर दिसतं, पण एकच रंग पूर्ण भरून जातो आणि चेहऱ्यावर सपाट निळा डाग उरतो. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा, भरलेला रंग डावीकडे येईपर्यंत एक्स्पोजर कमी करा. रॉ मध्येच घ्या.

आणि परवानगी मिळत असेल तर रंगीत तालमीचे फोटो घ्या. प्रकाशयोजना तीच असते, कपडे तेच असतात, आणि तिथे पहिल्या रांगेपुढे गुडघ्यावर बसता येतं. प्रयोगाला मग राहिलेल्या जागाच टिपायच्या.

---

वेताळटेकडी

दोघांचेही मनापासून आभार. पट्टे येण्याचं कारण पहिल्यांदा नीट समजलं. दोन शंका : ७०-२०० एफ/२.८ बाद करायचीच का? आणि एक मित्र म्हणतो की थेट फुल फ्रेम घ्या, नाटकाला अंधारात तोच चालतो.

---

तिसरी घंटा

७०-२०० वाईट नाही. एकच प्रयोग होणार आहे, तालीम मिळणार नाही, आणि चेहऱ्यापासून समूहापर्यंत सगळं हवंय, तर झूमच हवा. पण ती दीड किलोची असते, मागच्या प्रेक्षकाला तिचा हूड दिसतो, आणि एफ/२.८ ला एफ/१.८ पेक्षा अडीचपट कमी उजेड मिळतो. वर्षातून दोन-चारदा लागणार असेल तर भाड्याने घ्या. पुण्या-मुंबईत दिवसाच्या भाड्याने मिळते, अनामत आणि ओळखपत्र लागतं. घेताना दुकानातच दोन्ही टोकांच्या काचा, फोकस आणि स्टॅबिलायझर तपासून मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, म्हणजे परत करताना वाद होत नाही.

फुल फ्रेमचा मुद्दा खरा आहे, पण अर्धा. कॅनन क्रॉपपेक्षा त्याचं सेन्सर क्षेत्र सुमारे अडीचपट, म्हणजे जवळजवळ दीड स्टॉप फायदा. मात्र त्याच खुर्चीवरून तीच चौकट हवी तर ८५ च्या जागी १३५ लागते. १३५ एफ/२.८ लावलीत तर मिळालेला दीड स्टॉप तिथेच परत गेला. फायदा टिकवायचा तर १३५ एफ/१.८ घ्यावी लागेल, आणि तिची किंमत तुमच्या बजेटचा मोठा भाग खाईल.

---

पाणथळ

पक्ष्यांकडून तेच म्हणतो. २४ मेगापिक्सेल फुल फ्रेमचा पिक्सेल सहा मायक्रॉनच्या जवळ असतो. त्यावर ६०० मिमी लावून खंड्या जेवढ्या पिक्सेलचा येतो, जवळजवळ तेवढाच आर१० वर ४०० लावून येतो. दोन लाखांत फुल फ्रेम बॉडी आणि तिच्यावरची ६०० मिमी दोन्ही घेतलीत तर बाकी दोघांसाठी फारसं काही उरत नाही.

---

कातळसडा

कासचं राहिलंय. तुमच्या तिसऱ्या मित्राला १०० मिमी मॅक्रो घ्यायची गरज मला दिसत नाही. दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्हींना वेगळं उत्तर.

पहिला : वाटेपासून मीटर-दीड मीटर आत असलेलं फूल. तेरड्याचे गालिचे, गेंद, कवला नावाच्या रोपाची पिवळी फुलं. मॅक्रो लेन्सने ते मोठं घ्यायचं तर तिची काच फुलाच्या वीतभर जवळ न्यावी लागते, म्हणजे गालिच्यावर पाय. ते करायचं नाही. सड्यावरची (कातळी पठारावरची) माती दोन-चार इंचांचीच असते, खाली कातळ. एकदा दाबली गेली की पुढच्या वर्षी तिथे तेवढी फुलं येत नाहीत. इथे पक्ष्यांसाठी घेतलेली आरएफ १००-४०० च कामाला येते. ती ४०० वर सुमारे एक मीटरवरून ०.४१ पट प्रतिमा देते. क्रॉप बॉडीवर चौकटीची रुंदी साडेपाच सेंटिमीटर. बहुतेक फुलांना पुरते, आणि एवढ्या लांबून घेतल्यामुळे मागचा पसारा गुळगुळीत होतो. पक्षी नोव्हेंबर ते मार्च, फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात. एका लेन्सवरून भांडण व्हायचं कारण नाही.

दुसरा प्रश्न : वाटेच्या कडेलाच असलेली बारीक फुलं. सीतेची आसवं, गवती दवबिंदूची चिकट पानं. यांना एकास एक (सेन्सरवर फूल खऱ्याएवढं) किंवा जास्त मोठेपण हवं. त्यासाठी रेनॉक्सचं डीसीआर-१५० नावाचं ४.८ डायॉप्टरचं (डायॉप्टर म्हणजे भिंगाची ताकद) भिंग येतं. ५२ ते ६७ मिमीच्या कुठल्याही लेन्सच्या तोंडाला चिमट्यासारखं बसतं. तुमच्या ५५-२५० चं तोंड ५८ मिमी, झकास बसेल. मोठेपणाचं गणित सोपं : लेन्सचा फोकस अनंतावर ठेवून फोकल लांबी गुणिले डायॉप्टर भागिले हजार. २५० वर १.२ पट, १०० वर ०.४८ पट. काम करायचं अंतर झूम बदलूनही तेच राहतं, भिंगापासून सुमारे २१ सेंटिमीटर. त्याचं ८ डायॉप्टरचं भाऊबंद डीसीआर-२५० जास्त मोठं दाखवतं, पण अंतर साडेबारा सेंटिमीटरवर येतं आणि सावली फुलावर पडते. सुरुवातीला १५० च घ्या. झूम १०० च्या खाली नेलंत तर कोपरे काळे होतात.

यात हमखास चुकतं ते असं. लोक फोकस रिंग फिरवत बसतात. एवढ्या जवळून फोकस रिंगपेक्षा अंगाने धरायचा असतो : मॅन्युअलला ठेवा, कॅमेरा इंच-अर्धा इंच पुढेमागे करा, टोकदार दिसलं की बोट दाबा. एकास एकला एफ/११ वरही जेमतेम मिलिमीटरभर भाग स्पष्ट येतो, त्यामुळे सेन्सर फुलाच्या महत्त्वाच्या बाजूला समांतर धरा. एफ/२२ पर्यंत जाऊ नका, छिद्र बारीक केल्याने सगळंच मऊ होतं. सड्यावर वारा थांबत नाही. नुसत्या उजेडावर अवलंबून न राहता छोटा फ्लॅश १/४ ते १/१६ ताकदीवर, पुढे पांढरी फोम शीट किंवा ट्रेसिंग पेपर लावून वापरा, २००डी वर शटर १/२००. फ्लॅशचा लखलखाट शटरपेक्षा पुष्कळ कमी वेळाचा असतो, हलतं फूल तोच थांबवतो. कॅमेऱ्यातला उघडणारा फ्लॅश इथे कामाचा नाही, लांब लेन्सची सावली थेट फुलावर येते.

ट्रायपॉडचे पाय वाटेबाहेर जातात म्हणून तो नकोच. दीड-दोन किलोची कापडी पिशवी कोरडा मका किंवा राजमा भरून न्या, कॅमेरा जमिनीलगत त्यावर टेका. पावसात भिजली तर घरी आल्यावर लगेच रिकामी करा, दाणे फुगतात आणि कुजतात.

गडांसाठी वेगळं काही घेऊ नका. १८-५५ लावलेली २००डी पुरते. पण तिला आणि त्या लेन्सला पाण्यापासून बंदिस्ती नाही, त्यामुळे धुक्या-पावसात काळजी हवी. लेन्स गडावर बदलू नका. झूम आतबाहेर करताना लेन्स दमट हवा ओढून घेते, म्हणून मुसळधार चालू असताना एका फोकल लांबीवरच राहा. हूड कायम. बॉडीला पावसाचं कव्हर, नसेल तर जाड प्लास्टिकची पिशवी हूडला रबराने बांधून. कोरडी दोन मायक्रोफायबर फडकी वेगवेगळ्या बंद पिशव्यांत, कारण पहिलं दहा मिनिटांत ओलं होतं. एसी गाडीतून उतरताना कॅमेरा थेट बाहेर काढलात तर थंड काचेवर दव जमतं. उतरायच्या अर्धा तास आधी एसी बंद, किंवा कॅमेरा हवाबंद पिशवीत ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ द्या.

---

घाटपायथा

वरचं सगळं पटलं, एक भर घालतो. तुम्ही ईएफ ८५ सेकंडहँड घेणार असाल तर दुकानात हे करा, वीस मिनिटांचं काम आहे.

मोबाइलचा टॉर्च मागून लावून लेन्स तिरकी धरून आत बघा. धूळ असली तरी चालते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी दिसली तर ती बुरशी, सोडून द्या. सुरुवातीची बुरशी साफ होते, पण काचेचा लेप खाल्ला गेला असेल तर डाग कायम राहतो आणि उजेड समोरून आला की पांढुरकं धुकं येतं.

विटांच्या भिंतीसमोर समांतर उभं राहून पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर फोटो घ्या. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर ठीक. एक कोपरा वेगळा दिसला तर आतली काच तिरकी बसलेली आहे, बहुधा लेन्स पडलेली असते. अ‍ॅडॅप्टर घालून स्वतःच्या बॉडीवर फोकस जवळून लांब, लांबून जवळ दहा वेळा न्या, अडखळता कामा नये.

अ‍ॅडॅप्टर हे साधं नळकांडं असतं, आत काच नसते, पण विजेचे संपर्क असतात. म्हणून स्वस्तातलं ढिलं घेऊ नका. तो घेतलात की तुमची ५५-२५० सुद्धा आर१० वर स्टॅबिलायझरसकट चालते.

नव्या बॉडीचं बिल भारतीय वॉरंटीचं आहे का ते घेतानाच विचारा. बाहेरून आणलेला माल स्वस्त दिसतो, पण त्याला अधिकृत सेवा केंद्रात वॉरंटी मिळेलच असं नसतं.

आणि सामान तिघांत फिरणार असेल तर बुरशीचा धोका तिप्पट, कारण कुणाच्या तरी कपाटात ते पावसाळाभर बॅगेतच राहतं. बॅगेतला फोम ओल धरून ठेवतो. दहा लिटरचा हवाबंद डबा, त्यात पाव किलो सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांवर हवा. ६० च्या वर बुरशी धरते, ३० च्या खाली गेलं तर रबर आणि वंगण सुकतं. सिलिका नारिंगी रंगाची घ्या, निळ्या रंगात कोबाल्टचं विषारी संयुग असतं. तिचा रंग उतरला की मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा रंग येईपर्यंत वाळवता येते. तो तवा मात्र स्वयंपाकाला वापरू नका.

---

वेताळटेकडी

यादी अशी होते : आर१० बॉडी, आरएफ १००-४००, ईएफ अ‍ॅडॅप्टर, सेकंडहँड ८५ एफ/१.८, डीसीआर-१५०, एक यूएचएस-२ कार्ड, हवाबंद डबा. २००डी गडांना आणि मॅक्रोला. दोन लाखांत बसतंय. शेवटची शंका : शनिवारी रात्री प्रयोग आणि रविवारी पहाटे भिगवण असं जुळून आलं तर बॉडी एकच आहे, त्यात काही सेटिंग अडचणीचं ठरेल का?

---

पाणथळ

ठरेल, आणि ते होडीत बसल्यावरच कळेल. नाटकाला लावलेलं इलेक्ट्रॉनिक शटर तसंच राहिलं तर उडत्या पक्ष्याचे पंख वाकडे येतात, कारण ओळी वाचून होईपर्यंत पंख खाली गेलेला असतो. १/१०० चं मॅन्युअल एक्स्पोजर राहिलं तर पहिल्या थव्याचे सगळे फोटो पांढरे.

मोड डायलवर सी१ आणि सी२ आहेत. सी१ वर नाटक साठवा : इलेक्ट्रॉनिक शटर, मॅन्युअल, १/१००, एफ/२.२, बीप आणि मदत-दिवा बंद, ओळखायचा विषय माणूस. सी२ वर पक्षी : इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन, १/२०००, आयएसओ ऑटो कमाल ६४००, सर्वो फोकस (हलत्या विषयामागे जाणारा), विषय प्राणी, उणे २/३. मग डायल फिरवला की झालं. आपोआप साठवण्याचा पर्याय बंद ठेवा, नाहीतर मैत्रिणीने प्रयोगात केलेला तात्पुरता बदल सी१ मध्ये कायमचा बसतो. आणि शनिवारी रात्री बॅटरी नि कार्ड बदलूनच बॅग पुढे द्या, नाटकाचे फोटो उतरवून घेतल्याशिवाय ते कार्ड कुणी फॉरमॅट करायचं नाही.